कशावरूनबाई

बाईंना सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच तर त्या जिन्यात थांबायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" नवीन विद्यार्थी गोंधळून हसायचा. आम्ही जुनी मंडळी 'नमस्कार मॅडम' म्हणून कडेनं सटकायचो. नमस्काराला पुरावा लागत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळायचं.

त्या माझ्या पीएचडीच्या गाइड. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पेशींवर काम करायच्या. पाठीमागे सगळी संस्था त्यांना 'कशावरूनबाई' म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव कोणी ठेवलं याची त्यांनी एकदा चौकशीही केली होती. नावाला त्यांची हरकत नव्हती. ठेवणाऱ्यानं ते नेमकं कुठल्या प्रसंगावरून ठेवलं, एवढंच त्यांना हवं होतं.

संशय त्या औषधासारखा घ्यायच्या, वेळच्या वेळी. मंडईत आंबे घेताना पेटीतला वरचा थर त्या बघायच्यासुद्धा नाहीत. खालचा, कोपऱ्यातला आंबा काढायला लावायच्या. मी एकदा बरोबर होते. आंबेवाला वैतागून म्हणाला, "आजी, जरा विश्वास ठेवा की!" बाई म्हणाल्या, "ठेवते की. आधी आंबा दाखवा." त्यानं दाखवला. आंबा चांगला निघाला, तर बाईंचा चेहरा थोडा पडला.

आमच्या लॅबमध्ये पेशी वाढवायचा इन्क्युबेटर होता. त्याच्या दारावर आतलं तापमान आकड्यांत दिसायचं. बाईंनी तरीही आत काचेचा एक थर्मामीटर ठेवला होता. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तापवणारं यंत्र त्याच कंपनीचं, तापमान सांगणारंही त्याच कंपनीचं. एकाच घरातले साक्षीदार. कोर्टात टिकतील का?" त्याच दारावर त्यांच्या अक्षरातली पाटी होती: 'दार उघडण्यापूर्वी आपण ते का उघडत आहोत याचा विचार करावा. उघडून विचार करू नये.' आणि खाली दुसरी: 'नाव व तारीख नसलेली वस्तू कचरा समजली जाईल.' ही नुसती धमकी नव्हती. माझ्या बरोबरीच्या निखिलची महिन्याभराची मेहनत एका बिननावाच्या नळीत होती. ती कचऱ्यात गेली. निखिल चार दिवस जेवला नाही असं तो सांगायचा. बाईंना ते कळल्यावर त्यांनी काय विचारलं असेल ते सांगायला नको.

आता मी काय करत होते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या बहुतेक पेशींत केंद्रक असतं, आणि केंद्रकात एक छोटा गडद ठिपका असतो. आम्ही त्याला न्यूक्लिओलस म्हणतो, शाळेच्या पुस्तकात तो 'केंद्रकी' म्हणून येतो. पेशीला लागणारी प्रथिनं ज्या यंत्रांवर बनतात, ती यंत्रं घडवणारा हा कारखाना. पेशीची विभागणी सुरू झाली की हा कारखाना विरघळून जातो, काही उरत नाही. आणि दोन नव्या पेशी तयार झाल्या की दोन्हीकडे तो पुन्हा उभा राहतो. आधी बारीक कण दिसायला लागतात, मग ते ठरलेल्या जागी जमतात, एकमेकांत मिसळतात, आणि गोल, भरीव ठिपका तयार होतो. मोडलेला संसार कोणी न सांगता पुन्हा मांडला जातो. तो कसा मांडला जातो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

या विषयात बाईंचं नाव होतं. तरुणपणी त्यांनी विभागणाऱ्या पेशींचे फोटो जुन्या पद्धतीनं फिल्मवर टिपले होते. त्यांत ते कण बराच वेळ विखुरलेलेच दिसत होते, एकत्र यायचं नावच घेत नव्हते. त्यावरून बाईंनी मांडलं की निदान काही पेशींत हा कारखाना तुकड्यातुकड्यांनीच चालतो. त्यातला एक फोटो भला मोठा करून, जाड लाकडी चौकटीत बसवून संस्थेनं कॉरिडॉरमध्ये लावला होता. पाहुणे आले की संचालक त्यांना आधी त्या फोटोपुढे उभं करायचे. बाई मात्र त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालून जायच्या. आम्हाला तो विनय वाटायचा.

मी तेच नव्या पद्धतीनं पाहत होते. न्यूक्लिओलसमधल्या एका प्रथिनाला चकाकणारा रंग जोडायचा, त्यावर निळा प्रकाश पाडायचा आणि मिनिटामिनिटाला फोटो काढत जायचं. सगळे फोटो जोडले की चित्रपट तयार. माझ्या चित्रपटात कण विखुरले, चमकले, आणि विखुरलेलेच राहिले. हुबेहूब बाईंच्या फोटोसारखे! मला हर्ष झाला. आता बाई खूश होणार, सही करणार, आणि मी सुटणार.

सुटण्याची घाई होती, कारण कर्वेनगरच्या एका कॉलेजनं मला शिकवायला घेतलं होतं, तात्पुरतं. जूनच्या आत पदवी हातात आली तर जागा कायम, नाहीतर दुसरी उमेदवार तयारच होती. बाईंच्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकत नव्हता.

बाईंनी चित्रपट पाहिला. पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फार छान आलंय. मला हे आवडलं नाही."

"पण मॅडम, तुमचंच बरोबर ठरतंय."

"हे असंच यावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"हो."

"मलाही. म्हणजे आता आपल्या दोघींचाही काही उपयोग नाही."

आणि त्यांनी सही केली नाही. आज नाही, उद्या नाही, पुढच्या आठवड्यात बघू. कारण विचारलं की "विचार चाललाय" म्हणायच्या. मी जेवायला गेले की त्या माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत जायला लागल्या. मी आत आले की गप्प बाहेर पडायच्या. जी बाई दुसऱ्याच्या चहाच्या कपालासुद्धा प्रश्न विचारते, तिनं अशी मुकाट्यानं ये-जा करावी, हे मला विचित्र वाटायला लागलं.

निखिलचं मत पक्कं होतं. "यार, सिम्पल आहे. ती तुझा डेटा ढापणार. रिटायरमेंट आली ना जवळ, एक लास्ट पेपर पाहिजे असेल. तुला शेवटी 'थँक्स टू'मध्ये टाकेल, बस."

घरी बाबांचं मत वेगळं होतं आणि ते निखिलच्या मतापेक्षा खोल गेलं होतं. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले. आमच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. बाबांनी रात्रशाळेत शिकून नोकरी मिळवली. संध्याकाळी मी घरी आले की चपला काढायच्या आत ते विचारायचे, "सही झाली?"

"नाही. अजून तपासतायत."

"राहायला कुठं म्हणालीस तुझ्या मॅडम?"

"शनिवार पेठेत."

"मग बस," बाबा म्हणाले. "आमचे साहेबही फार बारकाईनं तपासायचे. माझीच फाइल तेवढी."

ती गोष्ट मला माहीत होती. बाबांच्या बढतीची फाइल एका टेबलावर इतकी वर्षं तपासली गेली की बरोबरीचे सगळे वर गेले आणि बाबा होते तिथेच राहिले. कोणी कधी वाईट शब्द बोललं नाही. नुसतं तपासणं चाललं होतं. मी बाबांना म्हटलं, आमच्या मॅडम तशा नाहीत. म्हटलं खरं, पण माझ्याच आवाजात जोर नव्हता. त्यानंतर बाईंच्या प्रत्येक 'कशावरून'मागे मला दुसरंच काही ऐकू यायला लागलं. त्या निखिलला इतके प्रश्न विचारतात का? त्याची सही इतकी अडली होती का? मी मनातल्या मनात पुरावे गोळा करत राहिले.

मग एका दुपारी मी कॉलेजातून लवकर परत आले. इन्क्युबेटर उघडला (का उघडतेय याचा विचार न करता) आणि आत, माझ्या डिशांच्या मागे, एक डिश दिसली. सगळीकडून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली. नाव नाही, तारीख नाही. फॉइल स्पिरिटनं पुसलेलं होतं, तरी हळदीचा पुसट डाग राहिला होता, आणि लिंबाच्या लोणच्याचा वास आला. अख्ख्या लॅबमध्ये पोळीभाजी फॉइलमध्ये गुंडाळून आणणारी एकच व्यक्ती होती. बिननावाच्या नळीला कचरा दाखवणाऱ्या बाईंनी स्वतः एक बिननावाची डिश माझ्या डिशांमागे लपवून ठेवली होती.

निखिल माझ्या खांद्यावरून डोकावत होता. "बघ! मी म्हटलं होतं ना? रिपीट करतेय गुपचूप."

माझं डोकं फिरलं. मी डिश बाहेर काढली आणि फॉइल उलगडलं.

"उघडलंत?" दारातून आवाज आला.

बाई उभ्या होत्या. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसा झाला होता.

"काय आहे यात?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"तुमच्याच पेशी. त्यांना अंधारात ठेवायचं होतं. आता खोलीतला उजेड लागला. तेवढ्यानं काही होत नाही, मला कळतं. पण यांना उजेड लागलाच नाही, हे आता मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

"अंधारात कशाला?"

"तुम्ही दर मिनिटाला त्यांच्यावर दिवा पाडता. दही लागलं का, लागलं का म्हणून पातेलं सारखं हलवून बघितलं तर ते लागतं का?" त्यांनी डिशकडे बोट केलं. "मला वाटतंय, आपण बघतोय म्हणूनच ते कण एकत्र येत नाहीयेत. दिव्यानं पेशी भाजतेय. न बघता ठेवलं तर काय होतं, ते मला बघायचं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत? लपवून का?"

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"कारण बाहेरचा तो फोटो," त्या म्हणाल्या, "तोही दिवा लावूनच काढलाय. तुमच्या दिव्याच्या मानानं तो दिवा म्हणजे शेगडी होती. आधी मला एकटीला बघायचं होतं."

एखाद्या शहाण्या मुलीनं इथे गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "आमच्या घरी वेगळं म्हणतात," मी म्हणाले.

"काय म्हणतात?"

मी सांगितलं. शनिवार पेठ, आमचं घर, अडलेली सही, सगळं सरळ शब्दांत सांगितलं. निखिल केव्हा सटकला ते कळलंही नाही.

बाईंनी विचारलं, "कशावरून?"

त्या क्षणी तो शब्द ऐकून मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "बाबांच्या फाइलीवरून!" मी म्हणाले, आणि तीही गोष्ट सांगितली. बाई उभ्यानंच ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "फक्त त्यांचीच फाइल?"

"हो."

"मग शंका रास्त आहे."

नाही हो, मी तशी नाही, असं त्या म्हणतील याची मी वाट बघत होते. म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणून काय उपयोग? मीच माझी साक्षीदार. एकाच घरातली." मग पर्समधून त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची स्वतःची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "प्रयोग तुम्ही करा. फॉइलही तुम्हीच गुंडाळा, नवीन आणा. मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. निकाल आला की मला सांगा. हवं तर आधी बाबांना सांगा."

विभागणी चालू असलेल्या पेशी डिशला घट्ट चिकटून बसत नाहीत. डिश हलकेच झटकली की तेवढ्याच सुटून येतात. तशा मी जमवल्या आणि दोन डिशांत वाटल्या. एक दिव्याखाली ठेवली, एक फॉइलमध्ये. तेवढ्या काळात बाईंचे जे हाल झाले ते अख्ख्या संस्थेनं पाहिले. त्या कॉरिडॉरमध्ये यायच्या, खोलीच्या दारापर्यंत जायच्या आणि मागे फिरायच्या. शिपायाला विचारायच्या, "आहेत का आत?" तो म्हणायचा, "आहेत." पुढचा प्रश्न त्या ओठांवरच गिळायच्या. दुसऱ्याचं काम न बघता राहणं म्हणजे त्यांच्यासाठी उपासच होता, आणि तो त्यांनी मोडला नाही.

दोन्ही डिशांवर एकाच वेळी फॉर्मलिन घातलं, म्हणजे पेशी आहेत तशा थांबतात. मग पाहिलं. दिव्याखालच्या पेशींत तेच विखुरलेले कण. फॉइलमधल्या पेशींत गोल, भरीव, गडद न्यूक्लिओलस, शाळेच्या पुस्तकातल्यासारखे. कोणी बघत नसताना त्यांनी आपला संसार नीट मांडला होता. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. माझा शोध म्हणजे भाजलेल्या पेशी होत्या.

बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "आणि बाहेरचा फोटो?"

"तोही बहुतेक..."

"बहुतेक कशाला? जुनं यंत्र अडगळीत आहे. काढायला सांगते."

ते यंत्र सुरू करण्यात काही दिवस गेले. एप्रिल संपत आला होता, बाबा रोज सहीचं विचारत होते, आणि मी बाईंच्या तरुणपणच्या दिव्याखाली पेशी ठेवत होते. त्याही विखुरल्या. मग मी प्रबंध नव्यानं लिहिला. 'काही पूर्वीच्या अभ्यासांमध्ये प्रकाशाच्या परिणामाचा विचार झालेला दिसत नाही,' असं सभ्य वाक्य त्यात घातलं. बाईंनी ते खोडलं. "काही म्हणजे कोण? मला नाव आहे की. तारीखही घाला. नाहीतर कचरा समजला जाईल." नाव घातल्यावर त्यांनी सही केली, जागच्या जागी.

तोंडी परीक्षेला बाहेरून जे परीक्षक आले, ते बाईंचेच जुने विद्यार्थी होते. त्या फोटोवरच त्यांनी स्वतःचं बरंचसं काम उभं केलं होतं. त्यांना बाईंनी मुद्दाम बोलावलं असणार, असा माझा आजही संशय आहे. सभागृह भरलं होतं. शेवटच्या बाकावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाबा बसले होते. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या गाइडचं काम चुकीचं आहे, असं तुम्ही म्हणताय. त्यांच्यासमोर?"

"हो सर."

"हे म्हणण्याचं धाडस तुम्हाला..."

नियमाप्रमाणे गाइडनं मध्ये बोलायचं नसतं. बाई पहिल्या रांगेतून उभ्या राहिल्या. "सर, त्यांना धाडस विचारू नका. कशावरून, ते विचारा."

परीक्षकांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी दोन डिशांची चित्रं पडद्यावर लावली आणि सांगायला लागले. सांगत गेले तसा माझा आवाज स्थिर होत गेला. त्यांनी खूप प्रश्न विचारले, शेवटी फॉइल कसलं होतं तेही विचारलं, आणि जून लागायच्या आत मला पदवी मिळाली.

बाहेर चहा-बटाटेवडे चालू होते. बाई सरळ बाबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सहीला उशीर झाला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शंका आली असेल."

"आली होती," बाबा म्हणाले.

"यायलाच हवी होती. आता गेली का?"

बाबांनी थोडा विचार केला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "थोडी आहे अजून."

बाईंचा चेहरा उजळला. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. "छान," त्या म्हणाल्या. "असू द्या. जरा हात लावता का? मला एकटीला निघत नाही."

त्या कॉरिडॉरमधल्या फोटोपाशी गेल्या. संचालक "अहो मॅडम, राहू द्या" म्हणत पुढे आले, पण बाईंनी एका बाजूनं चौकट धरलीही होती. बाबांनी बशी खिडकीत ठेवली, रुमालाला हात पुसले आणि दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून फोटो खिळ्यावरून वर उचलला. चौकट जड होती आणि काच मोठी होती.

"नीट धरलंय ना?" बाईंनी विचारलं.

"धरलंय."

"कशावरून?"

बाबांनी चौकटीखाली दुसरा हात घातला.

"सोडून बघा," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात सोडले.